बिदरचा वजीर आणि गुलबर्ग्याचा संन्यासी

गेल्या सतरा सप्टेंबरला मैलूरच्या देवळाच्या सभामंडपात मी चार शब्द बोलावेत, असा निरोप घेऊन एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले होते. मैलूर हे बिदर शहराच्या कडेचे गाव. आता शहराने त्याला जवळजवळ पोटात घेतले आहे. १९४८ साली याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली, म्हणून आमच्या भागात तो दिवस सणासारखा पाळला जातो. गृहस्थ नव्वदीला टेकलेले. रझाकारांचे दिवस त्यांनी मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले. उंबऱ्यावर चपला काढता काढताच ते म्हणाले, “वकीलसाहेब, स्वामीजींवर बोला. आताच्या पुढाऱ्यांना कळू द्या, माणूस कसा असावा लागतो ते.”

मी होकार दिला. परंतु ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. त्यात जेवढी भक्ती होती तेवढीच फिर्याद होती. फिर्याद कानांवर आली की ‘मूळ दावा काय’ असे आधी विचारावयाचे, ही माझ्या धंद्याने मला लावलेली खोड. राष्ट्राच्या पुढाऱ्याने थोर असावे असा आपला दावा आहे खरा. पण थोर असणे म्हणजे नेमके काय असणे? आणि तो तसा निघाला, तर पुढे आपले काय व्हावे अशी आपली इच्छा असते?

या प्रश्नाचे आपले सर्वांत जुने उत्तर दामाजीपंतांच्या कथेत आहे. कीर्तनात ती ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. महीपतीने ती ‘भक्तविजया’त गायिली आहे आणि तिचा शेवट आमच्या बिदरलाच होतो. मंगळवेढ्याचा बिदरच्या बादशहाचा हा अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारे लोकांस लुटवितो. हुकमाचा भंग झाला म्हणून त्याला पकडून आणण्याची आज्ञा सुटते. पण तो बिदरास पोहोचण्यापूर्वीच विठ्ठल महाराचे रूप घेऊन दरबारात येतो, धान्याची सारी रक्कम मोजून देतो आणि रीतसर पावती घेऊन जातो. देवानेही पावती घेतली, याचे मला वकील म्हणून नेहमी समाधान वाटत आले आहे.

कथा हृदयाला भिडते याबद्दल वाद नाही. पण आपण तिच्याकडून काय शिकलो? अधिकाऱ्याने आमच्यासाठी स्वतःचे मस्तक पणाला लावावे आणि हिशेबात पडलेले खिंडार देवाने भरून काढावे, हे शिकलो. पुढच्या दुष्काळात कोठार कोणाच्या हुकमाने उघडेल, हा प्रश्न कथेतील एकही पात्र विचारीत नाही. कोठाराची किल्ली होती तेथेच राहते. पुढचा दुष्काळ आला की पुन्हा एक दामाजी हवा आणि पुन्हा एक विठ्ठल हवा.

दामाजींचा काळ परंपरा ज्या पंधराव्या शतकात धरते, त्याच शतकात बिदरच्या दरबारात एक माणूस होऊन गेला. त्याच्यापाशी विठ्ठलाचा चमत्कार नव्हता, पण पहिला गुण होता. महमूद गवान हा इराणच्या गिलान प्रांतातला. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून या देशी आला आणि पुढे बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ही त्याची पदवी. सुलतान अल्पवयीन असताना राज्याचा गाडा त्याने हाकला. १४६९ ते १४७२ या काळात त्याच्या फौजा संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, येथे लढत होत्या. १४७२ मध्ये त्याने विजयनगरकरांकडून गोवा घेतला. गोमंतकीय वाचकांना हे नाव त्यामुळे गोड वाटण्याचे कारण नाही. त्या स्वारीची झळ ज्यांना लागली त्यांच्या वंशजांपुढे त्याचे गुणगान करताना मला संकोच वाटतो, पण इतिहास लिहावयाचा म्हणजे हा संकोच सोसावाच लागतो.

या वजिराची राहणी फिरिश्ताने नोंदून ठेवली आहे. तो चटईवर निजे आणि मातीच्या भांड्यांत जेवी. राजाच्या कामासाठी त्याची एक तिजोरी होती आणि गोरगरिबांसाठी दुसरी. स्वतःचा खर्च तो व्यापारात गुंतविलेल्या भांडवलाच्या नफ्यातून भागवी. त्याच्या वधानंतर सुलतानाने मोठ्या आशेने तिजोऱ्या उघडविल्या, तेव्हा संपत्तीचा ढीग काही हाती लागला नाही. लोकांना पुढाऱ्यात जे पाहावयाचे असते ते सारे या माणसात होते. अथानासियुस निकितिन नावाचा रशियन व्यापारी त्याच्याच अमदानीत बिदरला राहून गेला. त्याने मात्र आपल्या टिपणांत असे लिहून ठेवले आहे की, या देशात माणसांची दाटी फार, खेड्यांतला माणूस अत्यंत हलाखीत आणि अमीरउमराव ऐषआरामात. वजीर चटईवर निजत होता म्हणून कुणब्याला घोंगडी मिळाली, असे झाले नव्हते.

महमूद गवानाचे खरे थोरपण चटईत नव्हते, हे त्याच्या समकालीन सरदारांना बरोबर उमगले होते. त्यांच्या पोटात दुखत होते ते दुसऱ्याच कारणाने. राज्याचे चार तरफ होते. त्याने त्यांचे आठ केले. दौलताबादेतून जुन्नर वेगळा निघाला, गुलबर्ग्यातून विजापूर, तेलंगणातून राजमहेंद्री, आणि वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. प्रत्येक तरफातला काही मुलूख त्याने थेट सुलतानाच्या खालशाकडे घेतला. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली. कोणाही एका माणसाला, मग तो साधू असो की लुटारू, सारे राज्य मुठीत धरता येऊ नये, अशी ही योजना होती. या कामाचे पोवाडे कोणी रचीत नाही. मोजणीच्या दोरीवर कीर्तन रंगत नाही.

ज्यांची सत्ता कापली गेली त्यांनी डाव रचला. तेलंगणाचे दोन तुकडे झाल्याने दुखावलेला मलिक हसन त्यांत पुढे होता. हा जन्माने ब्राह्मण, असे फिरिश्ता म्हणतो. वजिराची मोहोर ज्याच्या ताब्यात असे त्याला फितवून एका कोऱ्या कागदावर ती उठवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला राज्यावर चालून येण्याचे निमंत्रण लिहिले. सुलतान तिसरा महंमद तेव्हा आंध्रात कोंडपल्लीला होता. नशेच्या भरात त्याने वजिराला विचारले की, धन्याशी बेइमान होणाऱ्या नोकराला काय शिक्षा? वजीर म्हणाला, तलवार. मग पत्र पुढे करण्यात आले. मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढेच त्याचे उत्तर. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी गाठलेल्या त्या माणसाचा शिरच्छेद झाला. साक्षीपुरावा नाही, लेखकाचा शोध नाही, मोहोर बाळगणाऱ्याची उलटतपासणी नाही. माझ्यासारख्याला हे प्रकरण वाचताना आजही हात चोळत बसावे लागते.

वर्षभरात सुलतानही मेला, आणि पुढल्या काही वर्षांत राज्याच्या पाच फाळण्या झाल्या. विजापूर आणि गोवळकोंडा, वऱ्हाड आणि बिदर. पाचवी अहमदनगर, जी त्याच मलिक हसनाच्या मुलाने उभारली. नवे तरफ कागदावर होते, पण ते तोलून धरणारा मनुष्य एकच होता. थोर माणसाविना चालेल असे राज्य उभे करण्याचा उद्योग थोर माणसालाच एकट्याने करावा लागला, आणि तो गेल्यावर उद्योगही गेला. १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा बिदरमध्ये आजही उभा आहे. दारूचा स्फोट होऊन १६९६ साली त्याची एक बाजू ढासळली; एक मिनार उरला आहे. शाळेच्या सहलीतली मुले त्याखाली उभी राहून छायाचित्रे काढतात.

आता स्वामीजी. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. तरुणपणी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम, नंतर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत अध्यापन, तिशीच्या आत संन्यास आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव. मग अंबाजोगाई, आणि तेथून थेट निजामाशी सामना. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची स्थापना पुरती होण्याआधीच बंदी आली. जन्मापूर्वीच मृत्युलेख, असा हा प्रकार. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. तुरुंग त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येत राहिला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश झेंडे लावीत असताना, निजामाच्या राज्यात तोच झेंडा उभारल्याबद्दल ते पकडले गेले.

आमच्या आजोबांच्या पिढीने त्यांना ज्या डोळ्यांनी पाहिले ते समजावयास या भूमीची ओळख हवी. कल्याणात बसवेश्वर मंत्री होते आणि भक्तही होते. हुमनाबादेजवळ माणिकनगरी माणिकप्रभूंची गादी. तेथे संताचा दरबार भरे आणि हिंदूंप्रमाणे मुसलमानही मस्तक लववीत. राजसत्ता आणि वैराग्य एका देहात नांदते हे आमच्याकडे कोणाला नवल वाटत नाही. उलट ते तसे नांदले नाही की चुकल्यासारखे वाटते. म्हणून भगव्या कफनीतला हा काँग्रेसचा अध्यक्ष लोकांना राजकारणी वाटलाच नाही. तो दामाजी होता, आणि पुढचे विठ्ठल पाहून घेईल अशी त्यांची धारणा होती.

१९४८ नंतर प्रश्न निराळे झाले. प्रथम लष्करी गव्हर्नर, मग वेल्लोडींचे मुलकी सरकार. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद बी. रामकृष्णराव यांच्याकडे गेले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले. मुक्तिसंग्रामाचा नायक राज्याच्या गादीवर नाही, याची खंत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गंमत अशी की, ज्या तोंडांनी ही खंत बोलून दाखविली जाई, त्याच तोंडांनी ‘संन्याशाला खुर्ची कशाला?’ असेही अभिमानाने म्हटले जाई. त्यांनी सत्ता घ्यावी आणि सत्तेला शिवूही नये, अशी ही दुहेरी अपेक्षा होती. ती पुरी करणे कोणत्या मनुष्याला शक्य होते?

स्वामीजींचे मोठेपण मला दुसऱ्याच ठिकाणी दिसते. ज्या राज्यात त्यांचा शब्द झेलला जाई, ते राज्यच मोडावे असा आग्रह त्यांनी धरला. हैदराबाद हे मिश्र संस्कृतीचे राज्य तसेच राहावे अशी पंडित नेहरूंची भावना होती. १९५५ च्या फाजल अली आयोगानेही तेलंगण आणि त्याच्या जोडीला आमचा बिदर जिल्हा मिळून हैदराबाद राज्य तूर्त ठेवण्याची शिफारस केली होती. स्वामीजींचे मत असे की, निजामाने जुळविलेला हा सांधा लोकभाषेच्या विरुद्ध आहे आणि लोकांचा कारभार लोकांच्या भाषेतच चालला पाहिजे. ज्या फांदीवर आपण बसलो आहो तीच तोडावयास सांगणारा पुढारी रोज जन्मत नाही. त्या निर्णयाने बिदरच्या मराठी माणसाच्या पदरी काय आले, हा भाग वेगळा. तो मी लपवू इच्छीत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. निरणे मंडळ वगळून जहिराबाद, शिवाय न्याळकल मंडळ आणि नारायणखेड आंध्रात गेले. बाकीचे बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. मामाचे घर एका राज्यात आणि आत्याचे दुसऱ्यात, अशी अनेक कुटुंबांची स्थिती झाली. याबद्दल अश्रू पुष्कळ ढाळले गेले आहेत, ते मी पुन्हा ढाळीत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका कलमाबद्दल.

राज्यपुनर्रचनेबरोबर घटनेची सातवी दुरुस्ती झाली आणि ३७१ वे कलम नव्याने लिहिले गेले. त्यात मुंबई राज्यासाठी अशी तरतूद होती की, विदर्भ, मराठवाडा इत्यादी प्रदेशांकरिता स्वतंत्र विकासमंडळे, निधीची न्याय्य वाटणी, आणि शिक्षण व नोकऱ्यांत पुरेशी सोय यांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविता यावी. आंध्रासाठी विधानसभेच्या प्रादेशिक समित्यांची सोय झाली. निजामाच्या राज्याचे तीन वारस. त्यांतल्या दोघांच्या मृत्युपत्रात काही ना काही लिहिले गेले. बिदर, गुलबर्गा आणि रायचूर यांच्या नावापुढे एक ओळ नाही. उदगीरला घटनेचे छत्र मिळाले, शेजारच्या भालकीला मिळाले नाही. आणि दोन्ही गावे कालपर्यंत एकाच जिल्ह्यात, एकाच निजामाखाली, सारखीच मागासलेली.

ज्या लोकसभेत हे कलम संमत झाले, तीत गुलबर्ग्याचे प्रतिनिधी स्वतः स्वामीजी होते. हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते. त्यांच्या पदरी दोष बांधण्याचा माझा हेतू नाही. अशिलाने जो मुद्दा सांगितलाच नाही तो वकिलाने मांडला नाही, तर आम्ही वकिलाला एकट्याला फासावर देत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात मला उभे करावयाचे आहे ते मतदारांना, म्हणजे आमच्याच आजोबांना. त्यांनी स्वामीजींना मत दिले ते दर्शन घ्यावे तसे. देवाला कोणी अर्जाचा मसुदा लिहून देत नाही; त्याला सारे आधीच ठाऊक असते असे आपण मानतो. १९५७ च्या निवडणुकीत स्वामीजी औरंगाबादेतून लोकसभेवर गेले, आणि गुलबर्गा पुढच्या थोर पुरुषाची वाट पाहू लागला.

प्रतिवादी म्हणेल की, मराठवाड्याला तरी कलमाचा काय उपयोग झाला? त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातली विकासमंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ साली, आणि २०२० साली त्यांची मुदत संपली. कागदावरची ओळ आपोआप पाणी आणीत नाही. तथापि, ओळ असली म्हणजे तिच्यावर बोट ठेवून भांडता तरी येते. आमच्या भागाला ती ओळ मिळाली २०१२ च्या अखेरीस, ३७१ ‘ञ’ या नावाने, छप्पन्न वर्षांनी. ती काही एका महापुरुषाच्या तपाने मिळाली नाही. निवेदने, मोर्चे, ठराव आणि संसदेतली कंटाळवाणी कामे यांच्यातून मिळाली. या मधल्या काळात आमच्या भागाने म्हैसूर-कर्नाटकाला वीरेंद्र पाटील आणि धरमसिंह असे मुख्यमंत्री दिले होते, आणि स्वामीजींना गुरू मानणारे पी. व्ही. नरसिंह राव १९९१ साली देशाचे पंतप्रधानही झाले होते.

या मासिकाच्या कोकणी वाचकांना येथे आपल्या घरची एक गोष्ट आठवेल. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर सामान्य जनांची जी माया होती, ती आमच्याकडच्या स्वामीजींवरील मायेहून कमी नव्हती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हा त्यांच्या पक्षाचा मुख्य आग्रह. १६ जानेवारी १९६७ रोजी त्यावर जनमत घेतले गेले, तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. म्हणजे पुढाऱ्याची मुख्य मागणी लोकांनी चौतीस हजारांवर मतांनी फेटाळली. आणि त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत भाऊसाहेबांच्याच पक्षाला पुन्हा राज्य दिले! विलीनीकरण योग्य होते की अयोग्य यावर या पानांतून पुष्कळ शाई खर्च झाली आहे आणि माझे मत येथे अप्रस्तुत आहे. पण एका हाताने माणसाला जवळ धरावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा अर्ज नामंजूर करावयाचा, हे गोमंतकीय मतदाराला त्या वर्षी साधले. माणूस मोठा आहे म्हणून त्याची प्रत्येक गोष्ट मान्य, किंवा एक गोष्ट अमान्य म्हणून तो माणूस खोटा, या दोन्ही जाळ्यांत तो सापडला नाही. आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडे हे का साधत नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत आहे. कदाचित शतकानुशतके दरबार बघण्याची सवय जडल्यामुळे असेल. दरबारात माणूस एक तर कृपा मागतो, नाही तर कट करतो. हिशेब मागण्याची तेथे वहिवाट नाही.

सतरा सप्टेंबरला मी मैलूरला गेलो तो खिशात ३७१ ‘ञ’ची प्रत घेऊन. झेंडावंदन आटोपले होते. सभामंडपात सतरंजीवर साठसत्तर माणसे. पुढच्या रांगेत तेच वृद्ध गृहस्थ, डोक्याला फेटा. मी महमूद गवानापासून सुरुवात केली. लोकांनी ऐकून घेतले. मग प्रत काढून त्या कलमातले स्थानिकांच्या नोकऱ्यांबद्दलचे पोटकलम वाचू लागलो, तेव्हा चुळबुळ सुरू झाली. वृद्ध गृहस्थांनी हात वर करून हळूच म्हटले, “वकीलसाहेब, हे कायद्याचे राहू द्या. ते झेंड्याचे सांगा. स्वामीजींना पकडले ते.”

मी कागद घडी घालून ठेवला आणि १५ ऑगस्ट १९४७ ची हकीकत सांगितली. माझ्याही अंगावर काटा आला, हे नाकारीत नाही. सभा संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळत राहिला. पदवीधर आहे, नोकरीच्या शोधात आहे असे म्हणाला. त्या कलमाखाली मिळणारा स्थानिकत्वाचा दाखला काढावयाचा तर अर्ज कोठे करावा लागतो, एवढेच त्याला विचारावयाचे होते. देवळाच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी त्याचा अर्ज लिहिला.